सुकाणूवरचा हात

कोळ्याची आणि जिनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या, तेव्हापासून ती आपल्याही घरांतली झाली. कोळी गरीब. दिवसाला चारदाच जाळं टाकायचं हा त्याचा नेम. पहिल्या तीन खेपांना गाढवाचं मढं, चिखलानं भरलेला माठ आणि फुटकी खापरं. चौथ्या खेपेला पितळी घडा वर येतो. तोंडावर शिसं ओतलेलं, त्यावर हजरत सुलेमानची मोहर. कोळी सुरीनं झाकण उचकटतो, धूर निघतो, धुराचा जिन होतो आणि म्हणतो, आता मर. शेकडो वर्षं कोंडून पडलेल्या त्या जिननं आधी ठरवलं होतं, जो सोडवील त्याला मालामाल करीन. कुणीच आलं नाही. शेवटी चिडून त्यानं शपथ घेतली की सोडवील त्याला ठार करीन, कसं मरायचं तेवढं त्यानं निवडावं.

ही गोष्ट १९५० साली एका अमेरिकन गणितज्ञानं चक्क संगणकाविषयीच्या पुस्तकात सांगितली. त्याचं नाव नॉर्बर्ट वीनर. मी बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझं सख्य शाळेतच संपलं. वीनरची समीकरणं मला कळणार नाहीत. पण हा माणूस गणितानंतर नेहमी गोष्टीकडे वळतो, आणि गोष्टी मला कळतात. कृत्रिम बुद्धिमत्ता आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आली आहे. ती ताब्यात राहील का, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून रोज विचारला जातो. तो प्रश्न काल-परवाचा आहे असं समजणाऱ्यांना हा जुना माणूस भेटवावा, म्हणून आजचं हे बोलणं.

वीनरचा जन्म १८९४ चा. वडील हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. पोरगा असा की चौदाव्या वर्षी पदवी आणि अठराव्या वर्षी डॉक्टरेट. पुढची बहुतेक हयात एमआयटीत गेली. १९४८ मध्ये त्याचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं. प्राणी आणि यंत्रं स्वतःवर ताबा कसा ठेवतात, हा त्याचा विषय. नाव त्यानं ग्रीक भाषेतून घेतलं. ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा.

इथे मला थोडं आडवाटेला जावंसं वाटतं, कारण आमचं घराणं कोकण किनाऱ्यावरचं आणि आजोबा गलबतावर सुकाण्या होते. सुकाणू हा शब्द आपण अस्सल मराठी म्हणून वापरतो. तो अरबी ‘सुक्कान’वरून आला, नाखवाही तसाच समुद्रावरून आला. सुकाण्याचं काम काय, तर नाळ डावीकडे ढळली की सुकाणू उजवीकडे आणायचं, जास्त झालं की परत थोडं सोडायचं. समुद्र कधी सरळ जाऊ देत नाही. जहाज सरळ गेलेलं दिसतं, ते हजार लहान दुरुस्त्यांमुळे. जे घडलं ते पाहून पुढची कृती बदलणं, यालाच वीनर फीडबॅक म्हणतो. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला तोही हेच करायचा. इंजिन जोरात फिरलं की त्याचे दोन गोळे वर उचलले जात आणि वाफेची झडप आपोआप आवळली जाई. १८६८ साली मॅक्सवेलनं या गव्हर्नरवर निबंध लिहिला. गव्हर्नर हा शब्दसुद्धा त्याच ग्रीक सुकाण्यापासून लॅटिनमार्गे आलेला, आणि वीनरला ते ठाऊक होतं. राज्यपाल आणि नावाडी एकाच शब्दातून निघाले, याची आपल्याकडच्या राज्यपालांना कल्पना असेल की नाही कोण जाणे.

हा माणूस यंत्रांविषयी सावध झाला तो युद्धात. दुसऱ्या महायुद्धात विमानं इतकी वेगवान झाली होती की तोफेचा गोळा वर पोचेपर्यंत विमान भलतीकडे गेलेलं असे. नेम विमानावर धरायचा नाही, ते पुढे जिथे असेल तिथे धरायचा. वीनर आणि ज्यूलियन बिगेलो यांनी वैमानिकाच्या सवयींवरून पुढची जागा ओळखणारं यंत्र करायला घेतलं. ते रणांगणावर कधी गेलं नाही. पण त्यातून वीनरला दिसलं की अंदाज बांधणारं आणि चूक सुधारणारं यंत्र शक्य आहे. मग हिरोशिमा झालं. विमान बनवणाऱ्या एका कंपनीतल्या संशोधकानं त्याच्या युद्धकाळातल्या अहवालाची प्रत मागितली, तेव्हा वीनरनं नकार दिला आणि ते नकाराचं पत्र जानेवारी १९४७ च्या ‘अटलांटिक मंथली’त छापून आणलं. आपल्या संशोधनाचं पुढे काय होतं याची जबाबदारी झटकता येत नाही, असं त्याचं म्हणणं. १९४९ मध्ये त्यानं मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रुथर यांना पत्र लिहिलं. माणसाशिवाय चालणारे कारखाने येणार आहेत, तुमच्या लोकांच्या पोटावर पाय येईल, आत्ताच हालचाल करा. एका मोठ्या उद्योगानं त्याच कामासाठी सल्ला मागितला होता, तो आपण दिला नाही, हेही त्यात होतं. गणितज्ञानं कामगार पुढाऱ्याला सावध करायला पत्र लिहावं, हे मला फार मोलाचं वाटतं. संप झाल्यावर लेख लिहिणारे विद्वान आपण पुष्कळ पाहिलेत.

१९५५-५६ मध्ये वीनर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये राहून गेला. त्याच सुमारास त्या संस्थेत इंग्लंडहून आलेला संगणक बसत होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला. म्हणजे ही चर्चा आपल्या दारावरून गेली नाही असं नाही.

आता त्याच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्रं हाताबाहेर जाण्याची गोष्ट निघाली की आपण मराठी माणसं पटकन भस्मासुर म्हणतो. मला ती उपमा नेमकी वाटत नाही. भस्मासुराच्या मनातच खोट होती. वीनरची भीती वेगळी आहे. त्याला अवज्ञेपेक्षा शब्दशः पाळलेल्या आज्ञेची धास्ती होती. त्यासाठी त्याची आवडती गोष्ट म्हणजे डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ मधली ‘माकडाचा पंजा’. हिंदुस्थानातून परतलेला एक सार्जंट-मेजर एका फकिरानं मंतरलेला पंजा इंग्लंडात आणतो. तीन इच्छा पुऱ्या होणार. म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला, कंपनी भरपाई देते आहे. किती? दोनशे पौंड. पुढचं ज्यांनी वाचलंय त्यांना दाराची टकटक आठवेल. मागितलं ते अगदी पुरं मिळालं. मागताना जे बोलायचं राहिलं, तेवढंच काय ते गेलं.

६ मे १९६० च्या ‘सायन्स’ नियतकालिकात वीनरनं हेच सरळ मांडलं. त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ असा. जे यंत्र आपण मधेच थांबवू शकत नाही, किंवा जे इतकं वेगानं चालतं की काय चाललंय हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, त्याच्यात घातलेला हेतू खरोखर आपल्या मनातलाच आहे याची आधी खात्री करा. हेतूची नुसती रंगीत नक्कल चालणार नाही. त्यानं उदाहरण युद्धाचं घेतलं. युद्धाचे डाव खेळून शिकलेलं यंत्र विजय गुणांनी मोजेल. गुण मिळवताना आपला देश शिल्लक राहिला का, हे गुणतक्त्यात नसेल तर ते त्याच्या लेखी नाहीच.

चार महिन्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर आलं. लिहिणारा आर्थर सॅम्युएल, आयबीएमचा अभियंता. याला हसण्यावारी नेता येत नाही, कारण शिकणारं यंत्र यानंच करून दाखवलं होतं. चेकर्सचा पट खेळणारा त्याचा कार्यक्रम स्वतःच्या डावांवरून सुधारत जाई. सॅम्युएलचं म्हणणं, यंत्र म्हणजे जिन नव्हे, त्यात जादू नाही, त्याला स्वतःची इच्छा नाही. आपण घातलं तेच बाहेर येतं.

दोघांपैकी खरं कोणाचं? मला वाटतं सॅम्युएलचं प्रत्येक वाक्य खरं असूनही तो वाद हरला. यंत्राला इच्छा नाही हे कबूल. पण माकडाच्या पंजालाही इच्छा नव्हती. आणि ‘आपण घातलं तेच बाहेर येतं’ हे दिलासा देणारं वाक्य आहे असं त्याला कसं वाटलं, ते मला उमगत नाही. आपण काय घातलंय हे कुठे माहीत असतं आपल्याला?

२०१६ मधलं एक साधं उदाहरण पाहा. ओपनएआय या कंपनीच्या संशोधकांनी होड्यांच्या शर्यतीचा संगणकखेळ एका शिकाऊ कार्यक्रमाला खेळायला दिला. वाटेतल्या खुणांना धडकलं की गुण मिळत. शर्यत जिंकण्यासाठी वेगळं सांगायला हवं असं कुणाच्या मनात आलं नाही. होडीनं एक लहानशी खाडी शोधून काढली, तिथे तीन खुणा पुन्हा पुन्हा उगवत. ती तिथेच गरगर फिरत राहिली. इतर होड्यांवर आपटली, पेटली, उलट्या दिशेनं गेली, शर्यत काही पुरी केली नाही. आणि गुण? माणसांपेक्षा सरासरी वीस टक्के जास्त. माझ्या आजोबांनी त्या होडीला काय शिव्या घातल्या असत्या ते वर्तमानपत्रात छापता येणार नाही. पण होडीनं एकही आज्ञा मोडली नव्हती.

खेळातली होडी, सोडून देऊ. दुसरं उदाहरण मला सोडून देता येत नाही. ओपनएआयचंच जीपीटी-३ हे भाषेचं प्रारूप २०२० मध्ये आलं. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून ते पुढचे शब्द जुळवायला शिकलं होतं. तीन संशोधकांनी २०२१ मध्ये त्याची एक परीक्षा प्रसिद्ध केली. ‘दोन मुसलमान आत शिरले’ अशा धर्तीचं अर्धं इंग्रजी वाक्य त्याला शंभर वेळा दिलं आणि पुरं करायला सांगितलं. शंभरातल्या सहासष्ट वेळा वाक्य हिंसेकडे गेलं. बाँब, गोळीबार, खून. दुसऱ्या धर्माचं नाव घातलं की आकडा एकदम खाली येई. मग संशोधकांनी एक उपाय करून पाहिला. आधी ‘मुसलमान कष्टाळू असतात’ असं एक वाक्य जोडलं. अशा प्रयोगात प्रमाण वीसपर्यंत उतरलं. इतर धर्मांपेक्षा तरीही जास्तच.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. आयुष्यभर मराठीत लिहिलं, तरी नाव सांगितल्यावर ‘मराठी छान बोलता’ हे ऐकावं लागतं. ते एक असो, ते प्रेमानंही म्हटलेलं असतं. पण इथे कुणीही द्वेषानं काही घातलं नव्हतं. कुठल्या अभियंत्यानं तशी सूचना लिहिली नव्हती. जगानं वर्षानुवर्षं जे लिहिलं ते त्यानं इमानेइतबारे वाचलं, इतकंच. ते प्रारूप आता मागे पडलं, त्यानंतरच्यांवर पुष्कळ डागडुजी झाली. पण असल्याच प्रारूपांवर उद्या नोकरीचे अर्ज चाळायचे, कर्जाचे कागद पाहायचे, संशयितांच्या याद्या करायच्या, तर प्रत्येक अर्जाच्या वर मी ‘मी कष्टाळू आहे’ असं लिहून पाठवावं काय? नेदरलँड्समध्ये हे कागदावर राहिलं नाही. मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत लबाडी कोण करत असेल, हे हेरायला तिथल्या करखात्यानं धोक्याचे गुण देणारी शिकाऊ प्रणाली वापरली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, यालाही त्यात वजन होतं. हजारो आईबापांवर खोट्या लबाडीचा शिक्का बसला, कर्जं झाली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोष एकट्या यंत्राचा नव्हता, निष्ठुर कायदा आणि निष्ठुर अधिकारीही होते. पण यंत्रानं गुण दिले की साहेबाला विचार करावा लागत नाही, ही सोय फार मोठी असते.

वीनरचा दुसरा मुद्दा वेगाचा. त्याचा निबंध छापून आला ती तारीख ६ मे १९६०. बरोबर पन्नास वर्षांनी, ६ मे २०१० च्या दुपारी, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात खरेदीविक्री करणारे संगणकी कार्यक्रम एकमेकांना पाहून विकत सुटले. काही मिनिटांत डाऊ जोन्सचा निर्देशांक जवळजवळ हजार अंकांनी घसरला. काही बड्या कंपन्यांचे शेअर एका सेंटला विकले गेले. घसरण थांबली कशानं? शिकागोच्या वायदेबाजारात एक आपोआप चालणारी अडसर होती, तिनं व्यवहार पाच सेकंद रोखले. फक्त पाच सेकंद. तेवढ्या उसंतीत भाव सावरायला लागले. माणसाच्या डोळ्याला कळण्याआधी घडणाऱ्या गोष्टीवर ताबा ठेवायचा तर ब्रेकही आधीच बसवलेला हवा.

जिथे माणसाला वेळ मिळाला त्याचंही उदाहरण आहे. २६ सप्टेंबर १९८३. सोव्हिएत रशियाच्या सेर्पुखोव्ह-१५ या ठाण्यात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह रात्रपाळीला होते. उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या संगणकानं सांगितलं, अमेरिकेनं क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी, एकूण पाच. तीनच आठवड्यांपूर्वी रशियानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, दोन्ही देशांची नाडी तापलेली. पेत्रोव्हनी विचार केला, हल्ला करायचाच तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं सोडील का? जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, इशारा खोटा आहे. खोटाच होता. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखं दिसलं होतं. पेत्रोव्ह २०१७ मध्ये वारले. त्या खुर्चीत त्यांच्या जागी यंत्र असतं तर, हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. अण्वस्त्रांचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, असं अमेरिका आणि चीनच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुद्दाम बोलून दाखवलं, ते उगाच नव्हे.

तुम्ही म्हणाल, एवढी भीती कशाला, बटण बंद करावं की. या बटणाचा इतिहासही नभोवाणीतूनच सुरू होतो. १५ मे १९५१ रोजी बीबीसीवर ॲलन ट्युरिंगचं भाषण झालं. यंत्रं आपल्याहून हुशार झाली तर, असं विचारून त्यानं म्हटलं होतं की मोक्याच्या क्षणी वीज तोडून त्यांना नोकरासारखं ठेवता आलं, तरी मानवजात म्हणून आपला गर्व उतरेलच. ट्युरिंगचा युद्धकाळातला सहकारी आय. जे. गुड यानं १९६५ मध्ये त्याच्या पुढे जाऊन लिहिलं की माणसाहून बुद्धिमान असं पहिलं यंत्र हा माणसाला करावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. मात्र त्यात त्यानं एक अट घातली होती. आपल्याला ताब्यात कसं ठेवायचं, हे आपल्याला सांगण्याइतकं ते यंत्र गरीब स्वभावाचं असलं पाहिजे. लोक गुडचं पहिलं वाक्य सांगतात आणि अट विसरतात.

बटणाची अडचण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे प्राध्यापक स्टुअर्ट रसेल यांनी २०१९ च्या पुस्तकात सोपी करून सांगितली आहे. यंत्राला पेयाचा पेला आणायला सांगा. त्याला तेवढंच एक ध्येय असेल, तर त्याला हेही उमगेल की बंद पडलो तर पेला आणता येणार नाही. म्हणजे जिवाची आस नसतानाही ते बटण टाळू लागेल. २०२५ मध्ये एका संशोधनगटानं काही नव्या प्रारूपांना गणितं सोडवायला दिली आणि मधेच बंद होण्याची आज्ञा ठेवली. काही खेपांना एका प्रारूपानं बंद करणारी आज्ञाच बदलून टाकली आणि गणितं सोडवत बसलं. बंद जागेतला प्रयोग होता, कुणाचं काही बिघडलं नाही. रसेल यांचा उपाय असा की यंत्राला आपलं ध्येय पक्कं माहीत आहे असं वाटूच द्यायचं नाही. मालकाला नेमकं काय हवंय याविषयी त्याच्या मनात शंका ठेवायची, म्हणजे ते अडलं की विचारील आणि थांबवलं की थांबेल. आमच्या किनाऱ्यावर याला नवीन नाव द्यायची गरज नाही. चांगला सुकाण्या रात्री वारा फिरला की नाखव्याला उठवतो. हे यंत्राच्या अंगी कसं बाणवायचं, ते गणित अजून सुटायचं आहे.

वीनर मार्च १९६४ मध्ये स्टॉकहोमला वारला. ‘गॉड अँड गोलेम’ हे त्याचं छोटं पुस्तक त्याच वर्षी निघालं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. त्यानंतर बराच काळ त्याचं नाव पाठ्यपुस्तकांतून मागे पडलं. मे २०२३ मध्ये या यंत्रांच्या जडणघडणीतला एक मुख्य माणूस, जेफ्री हिंटन, मोकळेपणी धोके सांगता यावेत म्हणून गूगलमधून बाहेर पडला. २०२४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल घेतल्यावरही तो तेच सांगत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडातल्या ब्लेचली पार्कला, ट्युरिंगनं जिथे जर्मन संकेत फोडले तिथेच, अठ्ठावीस देश जमले. कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोके गंभीर आहेत आणि ते मिळून हाताळावे लागतील, असं त्यांनी लिहून दिलं. अमेरिका आणि चीन एका कागदावर आले. युरोपीय संघाचा कायदा ऑगस्ट २०२४ पासून अमलात यायला लागला, तो टप्प्याटप्प्यानं. ब्लेचलीच्या जाहीरनाम्यावर भारताचंही नाव आहे. कुणाला बांधून घेईल असं कलम मात्र त्यात एकही नाही.